तात्सुमि-मारुचा नंबर

४ डिसेंबर. सकाळी उणे तीन.

जानेवारीत मच्छीमार संघाने वाटलेली ही डायरी अकरा महिने टेलिफोनखाली पडून होती. आज उघडली. आजपासून साकुनाई बंदराच्या क्रेनवर मी, होरिगुची. लिहून ठेवलं नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

बावीस वर्षं शेडमध्ये शिंपल्या सोलल्या. उन्हाळ्यात क्रेन चालवणाऱ्या ओदाजिमा-सानच्या पाठीने कायमचा संप पुकारला आणि क्रेनला माणूस उरला नाही. बैठकीत विचारलं, कोण शिकणार? सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. माझा हात वर गेला. अजूनही वाटतं की अंगठा दुखत होता, तो झटकायला गेला असेल. पण कितामी शहरात जाऊन क्रेनची परीक्षा दिली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी पास झाले. फोनवर लेक म्हणाली, "आई, तू तर गाडी मागे घेतानासुद्धा डोळे मिटतेस!" तिचं खोटं नाही.

ओदाजिमा-सान एकाहत्तर वर्षांचे. खुर्चीत बसता येत नाही, पण रोज येऊन खालून हातांनी खुणा करणार आहेत. आज त्यांनी मला खुर्चीला शिवूही दिलं नाही. आधी यंत्राभोवती पूर्ण फेरी. एकेका गोष्टीकडे हात लांब करून बोट दाखवायचं आणि खणखणीत म्हणायचं, "टायर, ठीक! तेल, ठीक! दोर, ठीक!" शेडमधल्या माझ्या मैत्रिणी दारात उभ्या राहून हसत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"टायरला ठीक म्हणालीस, पण बघितलास का?" ओदाजिमा-सान म्हणाले. "बोट टायरकडे होतं, डोळे त्या बायकांकडे. परत सुरुवातीपासून."

चार फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे इंजिन चालू केलं. लगेच दांडे ओढायला गेले तर खालून ओदाजिमा-सान ओरडले, "तू अंथरुणातून उठल्या उठल्या धावतेस का? मग तेलाला का पळवतेस?" वीस मिनिटं नुसतं इंजिन चालू ठेवायचं. मग एकेक दांडा, वजन न लावता, सावकाश. थंडीत तेल मधासारखं घट्ट असतं, पोलादही ठिसूळ होतं. झटका द्यायचा नाही.

म्हाताऱ्याचं तोंड फटकळ. पण आपली पाठ धरून दोन तास बर्फात उभा होता. कोणासाठी?

७ डिसेंबर.

आज संघाच्या कचेरीत फळ्यावर यादी लागली. समुद्रातला बर्फ वाहत येण्याआधी अकरा होड्या वर काढायच्या. तो साधारण जानेवारीच्या मध्याला येतो, पण त्याचं काही वेळापत्रक नसतं. चार वर्षांपूर्वी लवकर आला आणि पाण्यात राहिलेली एक होडी अक्रोडासारखी फोडून गेला.

पहिला नंबर दरवर्षी सावाबे-सानच्या तात्सुमि-मारुचा. बंदरातली सर्वांत जड होडी, जवळजवळ तेरा टन, आणि ते मच्छीमारांचे म्होरके. कचेरीतल्या मिकामि-सानने सवयीने तसंच लिहिलं होतं. सावाबे-सान आले, टोपी न काढता घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पुसा. माझं इंजिन उघडलंय. मागाहून बघू."

मी तिथेच उभी होते. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी घरी येताना धक्क्यावर तात्सुमि-मारुचं इंजिन छान धडधडताना ऐकलं. उघडलेलं इंजिन! समजायचं ते समजले. शिंपल्या सोलणारीच्या हाती होडी द्यायची नाही, तर तोंडावर सांगायचं होतं.

१० डिसेंबर. उणे सहा.

पहिली होडी उचलली! एरिगुची आजोबांची समुद्री शेवाळ काढायची छोटी होडी, जेमतेम तीन टन. होडीखालून पट्टे लागले, ओदाजिमा-सानने हात वर केला, आणि वाटलं खाली उतरून घरी जावं. मग त्यांनी शिकवलेलं केलं. वीतभर उचललं आणि थांबले. ब्रेक धरतोय, पट्टे सरकत नाहीत, क्रेनचे चारही टेकूचे पाय जमिनीवर घट्ट. मग पुढे.

खाली ठेवल्यावर आजोबांनी होडीला नमस्कार केला, क्रेनला केला, ओदाजिमा-सानना केला आणि शेवटी मला. "कळलंच नाही हो, कधी उचलली!" मिठातली माशाची अंडी डबाभर दिली. आज भातावर तीच खाल्ली. एकटीच्या घरात मोठ्याने म्हणाले, "जेवण, ठीक!"

१५ डिसेंबर.

आणखी दोन होड्या झाल्या, चार टन आणि साडेचार. आज सावाबे-सानचा नंबर होता. सकाळी फोन आला, पंचांगात आज अशुभ दिवस आहे म्हणे.

मिकामि-सानने फोन हातात धरूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अहो, तुमचं लग्नसुद्धा अशुभ दिवशी झालं होतं. हॉल स्वस्त मिळाला म्हणून!" पलीकडून काही तरी घोगरं आलं. मिकामि-सान हसत सुटल्या. "म्हणतात, म्हणूनच तर आता सांभाळून राहतो."

मला हसू आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ओदाजिमा-सानना सांगायला गेले, तर ते शेडमागे सावाबे-सानबरोबरच उभे होते, दोघांच्या हातात कॉफीचे डबे. मला बघून दोघंही गप्प. माझ्याबद्दलच बोलत असणार. परत फिरले.

दुपारी ओदाजिमा-सानना विचारलं, "ते काय म्हणत होते?"

"हवेबद्दल."

"एवढा वेळ?"

"हवा खूप आहे."

२० डिसेंबर. उणे अकरा.

आज चूक झाली. सहा टनांची होडी फिरवताना हात अर्धा श्वास आधीच गेला. होडी झुलली आणि धक्क्याला लावलेल्या जुन्या टायरना घासली. बाजूच्या फळीला ओरखडा आला. मालक जे बोलला ते इथे लिहीत नाही.

सावाबे-सान तिथे कशाला आले होते कोण जाणे. मालकाला म्हणाले, "टायर कशासाठी लावलेत मग? शोभेला?" मालक दोर गुंडाळायला लागला. पण मला ते टोचलं. म्हणजे, ही आपटणार हे गृहीतच धरलंय!

घरी येऊन अर्धा तास बूटही काढले नाहीत. सोडून द्यावं असं खरंच वाटलं. शेडमध्ये निदान शिंपली कोणाला लागत नाही.

मग दारावर टकटक. ओदाजिमा-सानची बायको. हातात गरम कढईसकट तळलेलं चिकन. "आमचे हे म्हणाले, पहिल्या वर्षी त्यांनी दिव्याचा खांब पाडला होता. तुला सांगायला लाज वाटते म्हणून मला पाठवलं." आणि निघून गेली. बाई कढईही ठेवून गेली. किती चांगली माणसं आहेत ही. मी दोन वाट्या भात खाल्ला.

२९ डिसेंबर.

वर्षाचं शेवटचं काम झालं. दहा होड्या वर. काल सात टन, आज नऊ. नऊ टनांची होडी वर येताना पहिल्यांदा माझ्या हातांना यंत्र काय म्हणतंय ते कळलं. दोर ताणला गेला की त्याचा आवाज बदलतो. तो ऐकू आला.

आणि नशीब बघा! होड्या कशा ओळीने आल्या. तीन, चार, साडेचार, सहा, असं करत नऊपर्यंत. जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. कोणी मुद्दाम लावल्या असत्या तरी इतक्या नीट लागल्या नसत्या. सुरुवातीलाच मोठं धूड गळ्यात पडलं असतं तर मी पहिल्याच दिवशी पळून गेले असते. नवीन वर्षाला देवळात जाईन तेव्हा याचे वेगळे आभार मानणार आहे.

हे मिकामि-सानना सांगितलं तर त्या फळा पुसत होत्या, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "हो ना. देवाची करणी." खांदे हलत होते. सर्दी झाली असावी.

राहिली फक्त तात्सुमि-मारु. आता सावाबे-सानच्या सासूची सत्त्याहत्तरी का काहीतरी आहे म्हणे. १० तारीख पक्की केली आहे.

१ जानेवारी.

देवळात गेले. क्रेनच्या नाकावर गवताच्या दोरीचा हार बांधला, पुढे तांदळाच्या मोचीचे दोन गोळे ठेवले. ओदाजिमा-सान हात जोडून म्हणाले, "बाई, हिला सांभाळून घे." मला वाटलं ते देवीशी बोलतायत. ते क्रेनशी बोलत होते.

११ जानेवारी.

तीन दिवस बर्फाचं वादळ. क्रेनचं नाकही दिसत नव्हतं. १० तारीख गेली. आज थांबलं. रेडिओवर सांगितलं, समुद्रातला बर्फ किनाऱ्यापासून वीस किलोमीटरवर. उद्या सकाळी उचलायची.

१२ जानेवारी. उणे एकोणीस.

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

पहाटेपासून तयारी. बॅटरी घरात आणून ठेवली होती, ती बसवली. हवेच्या टाकीतलं पाणी सोडलं, नाहीतर ब्रेकच्या नळ्या गोठतात. क्रेनच्या लांब हातावरचा, बूमवरचा, बर्फ झाडला, नाहीतर तो माणसाच्या डोक्यावर येतो. पायांखालची जागा कुदळीने काँक्रीट दिसेपर्यंत खणली. बर्फावर पाय टेकायचा नाही, बर्फ हा खोटा मित्र. इंजिन चाळीस मिनिटं तापवलं. फेरी मारली. टायर, ठीक. दोर, ठीक. हुकची कडी, ठीक.

मग क्रेनचे चारही पाय बाहेर काढून यंत्र उचललं. पायाच्या चकचकीत दांडीवर, नळीच्या तोंडाशी, मी खडूने रेघ मारते. दहा मिनिटांनी बघते. गार झालं की तेल आक्रसतं आणि दांडी केसभर आत जाते, ते चालतं. चारही सारख्या जातात.

आज तीन रेघा जागेवर होत्या. मागच्या डाव्या पायावरची रेघ दिसेना. बोटभर आत गेली होती.

पुन्हा उचललं. पुन्हा रेघ. पुन्हा दहा मिनिटं. पुन्हा बोटभर. तेल धरून ठेवणारं आतलं रबरी सील गेलं होतं.

धक्क्यावर तीसेक माणसं. तात्सुमि-मारुला पट्टे लावून तयार. क्षितिजावर पांढरी रेघ उघड्या डोळ्यांना दिसत होती. मी ओदाजिमा-सानकडे बघितलं. त्यांना रेघ दिसली होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पण ते बोलेनात. मी म्हटलं, "सांगा ना काहीतरी!" तर म्हणतात, "खुर्चीत कोण बसलंय?"

खाली उतरले. सावाबे-सानसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आज उचलणार नाही. मागचा डावा पाय बसतोय. तेरा टन फिरवताना बसला तर होडी जाईल, कदाचित माणूसही."

कोणीतरी मागून म्हणालं, "बर्फ दारात आलाय आणि हिला खडूची रेघ दिसतेय!" दुसरा म्हणाला, "ओदाजिमा खुर्चीत असते तर उचलली असती." शेजारच्या बंदरात मोठी क्रेन आहे, पण बाहेर लाटा अशा की तिथपर्यंत होडी नेणं म्हणजे आत्महत्या.

सावाबे-सान माझ्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच इतका वेळ बघितलं असेल. मग म्हणाले, "बरं."

एवढंच. वळले आणि कचेरीकडे चालायला लागले. फोनच्या खोलीचं दार लावून घेतलं. माझी तक्रार करायला गेले असणार अध्यक्षांकडे. करू देत.

दुरुस्तीवाला कितामीहून यायचा. रस्ता वादळाने बंद. परवापर्यंत उघडेल, नाही उघडेल.

संध्याकाळी ओदाजिमा-सानना विचारलं, "मी घाबरून नाही म्हटलं का? खरं सांगा. मला त्या होडीची पहिल्यापासून भीती वाटते. रेघेचं निमित्त तर नाही ना केलं?"

त्यांनी नाक पुसलं. "भीती काय म्हणत होती?"

"उचलू नको."

"रेघ काय म्हणत होती?"

"उचलू नको."

"दोघींचं एकमत आहे, मग तू मध्ये भांडण का लावतेस? जा, झोप."

१३ जानेवारी.

बर्फ आठ किलोमीटरवर. वारा किनाऱ्याच्या दिशेने. सावाबे-सान दिवसभर होडीत बसून लांब बांबूने भोवतीचं पाणी हलवत होते, गोठू नये म्हणून. मी तांदळाचं गरम गोड अमाझाके घेऊन गेले. माफी मागायचं ठरवलं होतं, पण तोंडातून आलं, "अजूनही बसतोय पाय. सकाळी परत बघितलं."

"मी पण बघितलं," ते म्हणाले. "रेघ तशीच ठेवा. पुसू नका." आणि प्याला रिकामा करून परत दिला.

रागावलेला माणूस इतका शांत असला की जास्त भीती वाटते.

१४ जानेवारी. उणे चौदा.

देव पावला. सगळं लिहायला हात शिवशिवतोय.

दहा वाजता बर्फ काढायच्या गाडीच्या मागोमाग दुरुस्तीवाला आला. उतरल्याबरोबर म्हणाला, "तुमच्या इथला तो घोगऱ्या आवाजाचा माणूस कोण? परवापासून अकरा फोन केलेत. शेवटी रस्तेवाल्यांनाच फोन करून गाडी आमच्या दारात पाठवली. म्हटलं, येतो बाबा, पण गप्प बस!" संघातलंच कोणीतरी असेल. कामाच्या गडबडीत त्यांना शोधून आभार मानायचे राहिले. उद्या मिकामि-सानना विचारीन.

सील बदलायला अडीच तास. जुनं सील हातात घेतलं तर बिस्किटासारखं तुटलं. ते बघून परवा मागून बोलणारा माणूस पुढे आला, टोपी काढली. तेवढं मला पुरे.

मग रेघा. चार. दहा मिनिटं. सगळे धक्क्यावर उभे राहून खडूच्या रेघांकडे बघत होते. चारही जागेवर! मी बोट दाखवून ओरडले, "मागचा डावा, ठीक!" आणि सगळ्या बंदराने माझ्यामागून एका सुरात म्हटलं, "ठीक!" शेडच्या मैत्रिणी सगळ्यांत जोरात.

होडी वीतभर पाण्याबाहेर काढून थांबले. वजनाच्या मीटरकडे बघितलं तर चौदा टन तीनशे. कागदावर बारा आठशे. यंत्राच्या तक्त्याप्रमाणे चाललं असतं, पण ओदाजिमा-सानचा नियम आहे, इतक्या थंडीत तक्त्यातला सगळा आकडा वापरायचा नाही. त्यांनी खालून नुसत्या भुवया उचलल्या. मी होडी परत पाण्यात ठेवली.

"आता काय?" कोणीतरी ओरडलं.

"होडीत दीड टन काहीतरी आहे, जे होडी नाही!" मी खिडकीतून सांगितलं.

सावाबे-सान आधी आत उतरले. डेकवर तर बर्फाचा थर होताच, पण खाली मासे ठेवायच्या कप्प्यात वादळाचं पाणी शिरून कमरेएवढा बर्फ गोठला होता. मग जो तो हातोडे घेऊन. सावाबे-सान कप्प्यात, बाहेर साखळी लावून माणसं, अशा बर्फाच्या लाद्या समुद्रात. एरिगुची आजोबा सूपाची पळी घेऊन आले होते. पळीने डेक खरवडत होते. दोन तास.

पुन्हा उचललं. बारा टन नऊशे. वीतभर, थांबले, मोजून दहा श्वास. मग वर. मग हळू हळू फिरवलं, वाऱ्याने जितकं हलवलं असतं तितकंही हलू न देता. बंदराच्या तोंडाशी बर्फाचे पहिले तुकडे एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता. होडी आपल्या लाकडी पलंगावर अशी बसली जशी झोपलेली माणसं कूस बदलतात.

पट्टे सैल झाले आणि मला रडू कोसळलं. खुर्चीतच. खाली यायला दहा मिनिटं लागली. कोणी हाक मारली नाही. उतरले तेव्हा सगळे मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

ओदाजिमा-सान म्हणाले, "बंद करतानाची तपासणी राहिलीय." केली.

१५ जानेवारी.

उठले तर लाटांचा आवाजच नाही. बंदर क्षितिजापर्यंत पांढरं. तात्सुमि-मारु काल जिथे तरंगत होती तिथे माणसाच्या उंचीचे बर्फाचे ढीग चढलेत.

ओदाजिमा-सान, त्यांच्या बाई (कढई परत द्यायची आहे!), मिकामि-सान, दुरुस्तीवाला, रस्त्यावरच्या गाडीचा ड्रायव्हर, ते अकरा फोन करणारे कोण असतील ते, पळीवाले आजोबा. एवढ्या माणसांची मी ऋणी आहे. सावाबे-सानचंही नाव लिहिते. माझ्यावर विश्वास नसताना "बरं" म्हणाले, हे काही कमी नाही.

२४ जानेवारी. उणे बावीस.

क्रेन शेडमध्ये नेऊन ठेवली. दोराला ग्रीस लावलं. आता मार्चपर्यंत सुट्टी.

कचेरीत गेले तर मिकामि-सानने मार्चच्या यादीचा फळा लावला होता. बर्फ गेला की होड्या परत पाण्यात सोडायच्या, त्याची यादी. सावाबे-सान स्वतः खडू घेऊन उभे होते. सर्वांत वर, पहिल्या नंबरावर, त्यांनी लिहिलं: तात्सुमि-मारु.

मला राहवलं नाही. म्हटलं, "तुम्हाला तर शेवटचा नंबर आवडतो ना? आत्ता का पहिला?"

ते खडूची पूड झटकत म्हणाले, "आता काय गरज?"

"कसली गरज?"

त्यांनी मिकामि-सानकडे बघितलं. मिकामि-सान हिशोबाच्या कागदात तोंड घालून बसल्या होत्या. ओदाजिमा-सान स्टोव्हपाशी बसले होते, ते एकदम म्हणाले, "हवा छान पडलीय."

बाहेर उणे बावीस!

सावाबे-सान जाता जाता दारात थांबले. "होरिगुची-सान, सकाळी आठला ठेवा. मी सातला येतो. फेरी मारताना मीही तुमच्याबरोबर 'ठीक' म्हणेन."

काही कळलं नाही मला त्यांचं. विचित्र माणूस आहे. पण घरी येईपर्यंत पूर्ण रस्ता, बर्फातून, मी हसत आले.